कागदाची आगगाडी

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला पुष्कळ मुलांनी पाहिलेला असतो. तसा एखादा उंच बुरूज कागदाचा करावयाचा झाल्यास काय लागेल? एक लांबट कागद, कात्री आणि थोडी खळ. कागदाची सुरळी करावी, एका कडेस राखलेली बोटभर पट्टी दुसऱ्या कडेच्या आत चिकटवावी, की बुरूज उभा राहिला! सपाट कागद वाऱ्याच्या झुळकीनेही लवतो. तोच वळवला अगर दुमडला म्हणजे ताठ होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी, म्हणजे १९३९ ते १९४५ या वर्षांत, परदेशांतील कितीतरी मुलांचा खेळ याच युक्तीवर चालला होता. पोलाद, शिसे व रबर यांची लढाईला गरज होती. अमेरिकेत १९४२ साली खेळण्यांसाठी पोलाद वापरण्यास बंदी झाली. लायोनेल ही विजेवर धावणाऱ्या छोट्या आगगाड्या बनवणारी नामांकित कंपनी. तिचा कारखाना नौदलासाठी होकायंत्रे तयार करू लागला. मग १९४३ साली तिने चक्क पुठ्ठ्याची आगगाडी विक्रीस काढली. तिचे तुकडे अडीचशेहून अधिक! ते जुळवणे इतके किचकट होते, की लहानांच्या मदतीस आलेले वडीलही टेकीस येत.

वर्तमानपत्रांतील खेळणी त्या मानाने सोपी असत. अमेरिकेतील ‘जेन आर्डेन’ या चित्रकथेबरोबर नायिकेची कागदी बाहुली व तिचे पोशाख छापून येत. पोशाखाच्या खांद्यांवर लहान पट्ट्या असत. त्या मागे दुमडल्या, की पोशाख बाहुलीच्या अंगावर बसे. मात्र वर्तमानपत्राचा कागद फार पातळ. म्हणून चित्र आधी रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवावे, वाळू द्यावे आणि नंतर कापावे, हे बरे.

पुढे कागदाचाही तुटवडा पडला. वर्तमानपत्रांची पाने घटली, भारतातही घटली. ब्रिटनमध्ये मुले घरोघर हिंडून रद्दी गोळा करीत, कारण दारूगोळ्याच्या वेष्टनांसाठीही कागद लागत असे. कालचे खेळणे उद्या रणांगणावर जाई!

जी उरली, तीही टिकली नाहीत. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. हवा व उजेड लागून तो पिवळा पडतो आणि बोट लागताच तुटतो. आज संग्राहकांजवळ जे ताव सापडतात, ते बहुधा न कापलेले असतात. ज्या बाहुल्यांशी मुले खरोखर खेळली, त्या केव्हाच फाटून गेल्या.