बाजारभावाची वही : आजचा दर पाहा, कालचा जपा



सोयाबीन मळून घरात आले की रोज एकच प्रश्न पडतो : आज विकावे की थांबावे? बाजार समित्यांचे रोजचे दर कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. असे दर आपल्या हिशेबाच्या तक्त्यात आपोआप उतरवता येतील का? येतील, पण थोडी काळजी घ्यावी लागते.

कृती

घरातील शिकत्या मुलाला किंवा मुलीला संगणकावर गूगल शीट्स उघडायला सांगा. कोऱ्या चौकटीत बरोबरचे चिन्ह देऊन 'इम्पोर्टएचटीएमएल' हे सूत्र इंग्रजी अक्षरांत लिहावे. पुढे कंसात स्वल्पविराम देत तीन गोष्टी लिहाव्यात : दरांच्या पानाचा पत्ता, 'टेबल' हा शब्द आणि पानावरील कितवा तक्ता हवा तो आकडा. पत्ता व शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत असावेत. फाईल उघडी असेपर्यंत सूत्र दर तासाला नवे आकडे पाहून येते.

काही पानांवर बाजार किंवा शेतमाल निवडल्यावरच तक्ता भरतो. तेथे सूत्र रिकाम्या हाताने परत येते. अशा वेळी दर हाताने लिहावेत. सूत्राशी झगडत बसू नये.

खरी चूक कोठे होते?

नवा दर आला की जुना पुसला जातो. महिनाभराने पाहावे तर तक्त्यात एकच दिवस उरलेला! म्हणून रोज संध्याकाळी हव्या त्या ओळी उचलून दुसऱ्या पानावर तारखेसह ठेवाव्यात. चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट व व्ही ही बटणे एकदम दाबावीत, म्हणजे सूत्र न जाता फक्त आकडे जातात. मूळ पानावरची तारीखही बघावी. बाजार बंद असला तर जुनाच दर दिसू शकतो.

जास्तीत जास्त दराला भुलू नका. तो एखाद्याच उत्तम ढिगाला मिळालेला असू शकतो. सर्वसाधारण दर व आवक पाहा. समजा, लांबच्या बाजारात क्विंटलमागे १५० रुपये जास्त मिळतात; पण गाडीभाडे ११० आणि हमाली-तोलाई २० रुपये जादा पडते. हाती उरले २० रुपये, आणि दिवस गेला तो वेगळाच.

भाव ठरवणे आपल्या हाती नाही. नोंद ठेवणे आहे. पारावर ऐकलेल्या भावापेक्षा पंधरा दिवसांची आपली नोंद केव्हाही भरवशाची. आजपासूनच सुरुवात करा.