मोबाइलवरचा धडा

मुलगा मोबाइल घेऊन बसतो. म्हणतो, "मी अभ्यास करतोय." आई म्हणते, "अभ्यास कसला? नुसती चित्रं बघतोय." यात खरे कोणाचे? दोघांचेही खरे असू शकते. ते कसे, हे आज आपण पाहू.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. मुले आपल्या घरी, गुरुजी आपल्या घरी. मग गुरुजी मोबाइलवरून शिकवू लागले. यालाच ऑनलाइन शिकवणे म्हणतात. पुढे शाळा उघडल्या, पण ही रीत मागे राहिली.

मोबाइलवरून नुसते बोलत राहिले तर मुले कंटाळतात. फळा नीट दिसत नाही. आवाज तुटतो. म्हणून जाणते शिक्षक मध्येच एखादी छोटी तयार फिल्म दाखवतात. तिला व्हिडिओ म्हणतात. एका माणसाने किंवा संस्थेने केलेले व्हिडिओ जिथे एकत्र ठेवलेले असतात, ते चॅनेल. कपाटात पुस्तके लावून ठेवावीत, तसे ते समजा.

हलत्या चित्राने शिकवणे काही नवे नाही. १९७५ साली आपल्या देशातील सहा राज्यांत, सुमारे २,४०० खेड्यांत, उपग्रहाच्या मदतीने टीव्हीवर कार्यक्रम दाखवले. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. तो प्रयोग एक वर्ष चालला. पण टीव्हीवरचा कार्यक्रम एकदा गेला की गेला. मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, पुन्हा पाहता येतो. खरा फायदा तो हाच.

अमेरिकेत सलमान खान नावाचे एक गृहस्थ आहेत. सिनेमातले ते वेगळे. दूर गावी राहणाऱ्या नात्यातल्या एका मुलीला ते २००४ साली फोनवरून गणित शिकवू लागले. मग आणखी मुले आली. तेव्हा २००६ पासून त्यांनी आपले धडे यूट्यूबवर ठेवले. मुलांना ते फार सोयीचे झाले. समजले नाही तर तोच भाग दहा वेळा पाहावा. पुन्हा विचारायची लाज नाही! त्यातूनच पुढे 'खान अकॅडमी' उभी राहिली. आपल्या पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली. ती कशी करायची, हे दाखवणारे त्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत.

मग व्हिडिओ असल्यावर गुरुजी कशाला? एक उदाहरण घेऊ.

धडा हृदयाचा आहे. हृदय आपल्या मुठीएवढे. त्याला चार कप्पे. ते रक्त कसे ढकलते, हे खडूने फळ्यावर दाखवणे कठीण. आम्ही पुष्कळ वर्षे खडू झिजवला, तेव्हा हे आम्ही खात्रीने सांगतो. व्हिडिओत मात्र ते दोन मिनिटांत दिसते. इथे चांगला शिक्षक व्हिडिओ थांबवतो. म्हणतो, "मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला, दोन बोटं ठेवा. एक मिनिट ठोके मोजा." मुले मोजतात. मग म्हणतो, "आता घराला दोन फेऱ्या पळत मारा आणि पुन्हा मोजा." ठोके वाढलेले असतात. "का वाढले बरं?" मुले विचार करू लागतात. पळताना अंगाला जास्त हवा लागते, जास्त रक्त लागते, म्हणून हृदय जोराने चालते. मग मूल आईचे ठोके मोजते, आजोबांचे मोजते आणि वहीत लिहून गुरुजींना सांगते.

हृदय दाखवले व्हिडिओने. पण थांबवले, विचारले, करून घेतले ते गुरुजींनी. नुसता व्हिडिओ पाठवून शिक्षक मोकळे झाले, तर तो धडा नव्हे. पाहून विसरणारे पुष्कळ. करून विसरणारा थोडा.

आता आईबापांनी काय करावे?

पहिली गोष्ट. व्हिडिओच्या खाली चॅनेलचे नाव लिहिलेले असते. तुम्ही आता वाचू लागला आहात. ते नाव वाचा. गुरुजींनी सांगितलेले तेच आहे ना, ते पाहा. व्हिडिओत कोणी काहीही सांगू शकतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

दुसरी गोष्ट. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. तो अभ्यासाचाच असेल असे नाही. धडा झाला की मोबाइल खाली ठेवायला सांगा.

तिसरी गोष्ट. मुलाला विचारा, "काय पाहिलंस? मला समजावून सांग." तुम्हाला उत्तर ठाऊक नसले तरी चालेल. सांगता आले तर अभ्यास झाला. सांगता आले नाही तर नुसती चित्रे पाहिली.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरात मोबाइल एक आणि मुले दोन असली, तर तो मुलाच्या हाती जातो आणि मुलगी भांड्यांकडे जाते. असे करू नका. वेळ वाटून द्या. भाकरी वाटतो तशीच विद्याही वाटली पाहिजे.

इंटरनेट नसेल त्यांनीही निराश होऊ नये. सरकारने २०१७ साली 'स्वयंप्रभा' नावाने शिक्षणाच्या ३२ टीव्ही वाहिन्या सुरू केल्या. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखवली, ती अशाच मुलांसाठी. सध्या कोणते कार्यक्रम कधी लागतात, ते शाळेत जाऊन विचारा. गावात एका घरी टीव्ही असला तर चार घरची मुले एकत्र बसू शकतात. कार्यक्रम संपल्यावर त्यांना चार प्रश्न विचारणारे मोठे माणूस मात्र तिथे हवे.

ते माणूस तुम्हीच का असू नये?