विश्लेषण : माणसे वाढवूनही सॉफ्टवेअरला उशीर का होतो?

सॉफ्टवेअरचा प्रकल्प रखडला की व्यवस्थापनाचा पहिला उपाय ठरलेला असतो, आणखी माणसे घ्या. ऊसतोडीला जास्त टोळ्या लावल्या की फड लवकर रिकामा होतो, मग इथे तसे का होऊ नये? प्रत्यक्षात हा हिशेब अनेकदा उलटा पडतो. मुदत तर हुकतेच, शिवाय खर्च वाढतो आणि आधीपासून राबणारे अभियंते थकून जातात. तंत्रज्ञान बदलताना ही अडचण आणखी वाढते.

हा अनुभव पहिल्यांदा कुठे नोंदवला गेला?

आयबीएम कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यासाठी ‘ओएस/३६०’ ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार होत होती. काम ऐन भरात असताना त्यावर एक हजारांहून अधिक लोक होते. १९६३ ते १९६६ या काळात या कामी सुमारे पाच हजार मनुष्य-वर्षे खर्ची पडली असावीत, असा अंदाज प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी पुढे मांडला. एवढे करूनही ती वेळेत झाली नाही. या अनुभवावर ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ हे पुस्तक लिहिले. मागे पडलेल्या प्रकल्पात नवी भरती केल्याने उशीर कमी होण्याऐवजी वाढतो, हा त्यातला निष्कर्ष ‘ब्रूक्सचा नियम’ म्हणून ओळखला जातो.

माणसे वाढल्याने काम का अडते?

याची तीन कारणे आहेत. पहिले, नव्या माणसाला जुना कोड समजायला वेळ लागतो आणि त्याला शिकवणारे असतात तेच, ज्यांच्याकडे आधीच वेळ नसतो. दुसरे, संवादाचा बोजा. पाच जणांच्या संघात दोघा-दोघांच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५ आणि पन्नास जणांत १,२२५. माणसे दहापट झाली, पण जोड्या शंभरपटींहून जास्त. तिसरे, काही कामे वाटून घेताच येत नाहीत. पातेल्याभोवती दहा जण बसले म्हणून दही लवकर लागत नाही.

संघाच्या रचनेचा सॉफ्टवेअरवर परिणाम होतो का?

होतो. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये ‘डेटामेशन’ या मासिकात हे दाखवून दिले. त्यांच्या लेखातले एक उदाहरण बोलके आहे. एका संस्थेत आठ जणांना दोन कंपायलर तयार करायचे होते. पाच जण ‘कोबोल’साठी नेमले गेले, तीन जण ‘अल्गोल’साठी. तयार झालेला पहिला कंपायलर पाच टप्प्यांत चालत होता आणि दुसरा तीन! म्हणजे ज्यांचे आपसांत बोलणे होते त्यांचे भाग नीट जुळतात, नसेल तिथे सॉफ्टवेअरमध्येही भिंत उभी राहते. त्यामुळे कोणाला कोणत्या संघात बसवायचे, हा केवळ मनुष्यबळ विभागाचा प्रश्न राहत नाही.

मग मोठ्या कंपन्या काय करतात?

अ‍ॅमेझॉनने या शतकाच्या सुरुवातीला ‘दोन पिझ्झां’ची कसोटी लावली. दोन पिझ्झांत ज्याचे पोट भरेल, एवढाच संघ ठेवायचा, म्हणजे साधारण दहापेक्षा कमी माणसे. अशा प्रत्येक संघाकडे एका कामाची पूर्ण जबाबदारी असते. प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलण्याऐवजी सॉफ्टवेअरचे भाग ठरलेल्या नियमांनी एकमेकांशी बोलतात.

तंत्रज्ञान बदलताना काय सांभाळावे लागते?

नेटफ्लिक्सचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २००८ मध्ये डेटाबेसमध्ये मोठा बिघाड झाला आणि कंपनीला तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर सारा कारभार अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर नेण्याचे ठरले. आहे ते जसेच्या तसे उचलून नेणे सोपे होते, पण त्यासोबत जुने दोषही गेले असते. म्हणून एकसंध सॉफ्टवेअरचे शेकडो लहान सेवांत विभाजन केले गेले. जुने चालू ठेवून एकेक भाग हलवण्याचे हे काम जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी पूर्ण झाले. बिलिंगसारखे नाजूक भाग शेवटी हलवले गेले. दरम्यान, ‘केऑस मंकी’ हे साधन कामाच्या वेळेत मुद्दाम एखादा सर्व्हर बंद पाडत असे. बिघाड होणारच, हे गृहीत धरून काम करण्याची सवय अभियंत्यांना त्यातून लागली.

नेतृत्वाने यातून काय घ्यावे?

भरती संकट येण्याआधी करावी, मुदत तोंडावर आल्यावर नव्हे. प्रकल्प मागे पडलाच, तर माणसे वाढवण्यापूर्वी काम कमी करता येईल का किंवा तारीख पुढे नेता येईल का, हे पाहावे. नव्यांना शिकवणे हे जुन्यांचे जादा नव्हे, तर मोजून दिलेले काम असावे. संघ लहान, जबाबदारी स्पष्ट आणि बदल टप्प्याटप्प्याने हवा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोड झपाट्याने लिहून देतात. मात्र काय बांधायचे हे ठरवणे, लिहिलेले तपासणे आणि बिघडल्यावर जबाबदारी घेणे माणसांकडेच आहे. ब्रूक्स यांचा प्रकल्प अडला होता तो याच ठिकाणी, माणसांमधल्या समन्वयात. टंकलेखनाचा वेग ही त्यांची अडचण कधीच नव्हती.