सुकाणूचे सांधे

घरामागच्या पडवीत किंवा भाड्याच्या गॅरेजात लोखंडी चौकोनी नळ्या जोडून स्वतःच्या हाताने मोटार उभी करावी, तिची रीतसर तपासणी करून घेऊन तिला नंबर मिळवावा आणि मग ती राजरोस हमरस्त्यावर हाकावी, हा छंद आपल्याला काहीसा अद्भुत वाटत असला, तरी इंग्लंडात तो गेली साठ-सत्तर वर्षे अव्याहत चालू आहे, आणि त्याचे एक मूळ चक्क करवसुलीच्या कायद्यात सापडते. कॉलिन चॅपमन याने 1957 मध्ये लोटस सेव्हन ही दोन आसनांची, हलकी, उघडी मोटार बाजारात आणली, तेव्हा तयार मोटारीवर तेथे खरेदीकर भरावा लागे, सुट्या भागांच्या संचावर मात्र तो लागत नसे. अट एवढीच की संचासोबत जोडणीच्या सूचना देता कामा नयेत. यावर कंपनीने अशी तोड काढल्याचे सांगतात की, मोटार सुटी कशी करावी याची पुस्तिका संचासोबत द्यायची आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची! 1973 मध्ये मूल्यवर्धित कर येऊन ही सवलत संपुष्टात आली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, पण हौस ओसरली नाही. 1996 मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाने जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून अवघ्या अडीचशे पौंडांत अशी मोटार बांधता येते, असे सांगणारे पुस्तक लिहिले, आणि ज्यांच्यापाशी पैसा बेताचा पण वेल्डिंगचे यंत्र होते अशा शेकडो गृहस्थांनी ते प्रमाणग्रंथ मानले.

अशा मोटारीचा सांगाडा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो आणि इंजिनाविषयी तर बांधणारा स्वतःच न विचारता बोलू लागतो. परंतु ज्या चार-सहा लहानशा सांध्यांवर चालकाचा जीव अक्षरशः अवलंबून असतो, त्या सुकाणूच्या सांध्यांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, म्हणजे हातातले पैसे आणि चेसिसमधली जागा दोन्ही संपत आल्यावर, सुरू होतो. तेव्हा बाजारात जो सर्वांत बळकट, चकचकीत आणि महाग दिसेल तो सांधा आणून बसवण्याकडे कल होतो. माझ्या मते चूक येथेच आहे. कारण सांधा हा ज्या दोन दांड्यांमध्ये बसतो त्यांच्यामधील कोन, अंतर आणि भार यांवरून तो ठरतो, आणि ही मापे घेण्याआधी केलेली खरेदी, मग ती कितीही दर्जेदार मालाची असो, आंधळीच म्हटली पाहिजे.

सुकाणूचे चक्र फिरले की त्याचा दांडा फिरतो, दांड्याच्या टोकाचे लहान दंतचक्र रॅक नावाची दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकवते, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाके वळवतात, इतकी ही रचना सरळ आहे. कारखान्यात घडलेल्या मोटारीत रॅक, इंजिन आणि चालक यांच्या जागा एकाच आराखड्यात ठरलेल्या असतात. घरच्या मोटारीत मात्र रॅक एका गाडीचा, इंजिन दुसऱ्या गाडीचे, आणि चालक जमिनीपासून वीतभर उंचीवर पाय पसरून बसलेला, असा मामला असतो. त्यामुळे चक्रापासून रॅकपर्यंतचा दांडा सरळ रेषेत जाऊच शकत नाही, त्याला इंजिनाची कड आणि एक्झॉस्टचा तापलेला पाइप चुकवत एक-दोन ठिकाणी वाकावे लागते, आणि प्रत्येक वाकणावर, ज्याला आपले मेकॅनिक नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, तो यू-जे (युनिव्हर्सल जॉइंट) सांधा घालावा लागतो.

या सांध्याचा एक स्वभावदोष आहे, आणि तो तीनशे वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता. रॉबर्ट हूक याने 1676 मध्ये सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांवर जी पुस्तिका प्रसिद्ध केली तिच्यात या सांध्याचे वर्णन आहे. एक दांडा एकसारख्या गतीने फिरवला तरी कोनात जोडलेला दुसरा दांडा तसा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो, हे हूकने हेरले. एवढेच नव्हे, तर सूर्यघड्याळाच्या तबकडीवर छाया जशी कमी-अधिक वेगाने सरकते, तिच्याशी ही असमान गती तंतोतंत जुळते, हेही त्याने दाखवले. ज्योतिषाच्या कामी जो गुण ठरला तोच सुकाणूच्या कामी अवगुण होतो. कोन 10 अंशांचा असेल तर सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गतीतला फरक सुमारे 3 टक्के असतो, तो हाताला कळतही नाही. 20 अंशांना तो 13 टक्क्यांवर जातो, आणि 30 अंशांना 33 टक्क्यांवर, म्हणजे वळण घेताना चक्र मध्येच हलके आणि मध्येच जड लागते व चालकाचा रस्त्याविषयीचा अंदाज चुकतो. कोन दुप्पट झाला की दोष चौपटीने वाढतो, ही गोष्ट आराखडा काढणाऱ्याने पेन्सिल हाती घेतानाच लक्षात ठेवावी.

उपाय जुनाच आहे. एका मोठ्या वाकणाऐवजी दोन लहान वाकणे घ्यावीत, दोन्ही कोन समान ठेवावेत, आणि मधल्या दांड्याच्या दोन टोकांचे दुबेळके, म्हणजे क्रॉसला धरणारे काटे, एकमेकांच्या समोर, एकाच पातळीत बसवावेत, म्हणजे पहिल्या सांध्याने केलेली आगळीक दुसरा सांधा भरून काढतो. दुबेळके काटकोनात बसले, तर दोष नाहीसा होण्याऐवजी बेरजेने वाढतो. दातेरी दांडा एका हिसक्याने भलत्याच घरात सरकवून दिल्याने असे सहज होते, आणि मग बिचाऱ्या रॅकला बोल लागतो. अर्थात हा हिशोब तिन्ही दांडे एकाच पातळीत असतील तेव्हाचा. एक वाकण खाली आणि दुसरे बाजूला असेल, तर त्या दोन पातळ्यांमध्ये जेवढा कोन असेल तेवढाच पीळ दुबेळक्यांमध्ये द्यावा लागतो. इतके करूनही थोडी असमानता उरलीच, तर मोटार सरळ जात असताना ती डावी-उजवीकडे सारखी वाटली जाईल अशा बेताने दांडे बसवावेत, म्हणजे निदान दोन्ही बाजूंचे वळण हाताला एकसारखे लागते.

साधा क्रॉस साधारण 30 अंशांच्या पुढे वापरू नये. त्यापुढे दोन क्रॉस एकाच घरात बसवलेला दुहेरी सांधा मिळतो, पण तो लांब असतो व महागही. तीन सांधे घालावे लागले तर मधला दांडा मोकळा झुलू लागतो आणि चक्र फिरवले की दांडा फिरण्याऐवजी आडवा सरकतो, म्हणून त्याला चेसिसला बांधलेल्या बेअरिंगचा आधार देणे अपरिहार्य आहे. सांध्याच्या आत नीडल बेअरिंग असावेत. साधे बुश स्वस्त पडतात पण लवकर झिजतात. दात्यांचीही खातरजमा करावी लागते: व्यास पाऊण इंचाचाच असूनही एका दांड्यावर 36 आणि दुसऱ्यावर 48 दाते असू शकतात, आणि डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, सांधा ‘जवळजवळ’ बसला म्हणून हातोडीने ठोकणाऱ्याला या विद्येत स्थान नाही. ज्या बोल्टने सांधा दांड्यावर आवळायचा, तो दांड्यावरच्या खाचेतून गेला पाहिजे, म्हणजे बोल्ट सैल झाला तरी सांधा निसटून येत नाही. वेल्डिंगविषयी मी जुन्या मताचा आहे: जेथे आवळून काम भागते तेथे दांडा डागू नये, कारण आत काय वितळले आणि काय नुसते चिकटले हे वरून दिसत नाही. वाकणांचा एक लाभ मात्र विसरता येत नाही. समोरून धडक बसली तर सरळ दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येतो, वाकणे असलेला घडी पडून बाजूला होतो.

रॅकच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे टाय रॉडच्या टोकांना, मोह वेगळ्या जातीचा असतो. शर्यतीच्या मोटारींत तेथे रोझ जॉइंट, म्हणजे उघडा पोलादी गोळा बसवलेले टोक, असते; ते देखणे, नेमके आणि दोन्ही दिशांच्या आट्यांमुळे जुळवायला सोपे, म्हणून घरी बांधणाऱ्यालाही ते हवेसे वाटते. परंतु शर्यतीची मोटार प्रत्येक शर्यतीनंतर खोलली जाते, आणि रस्त्यावरची मोटार पावसाळाभर चिखल खाते. रोझ जॉइंटला रबरी बूट नसेल तर आतल्या अस्तरात वाळू शिरते आणि तो खडखडू लागतो. त्याचा झोकही दहा-पंधरा अंशांपलीकडे जात नाही, मग बोल्टावर पीळ येतो. रोजच्या गाडीसाठी कारखान्याचा साधा बॉल जॉइंट, ग्रीस भरलेला आणि बुटात झाकलेला, हाच मला शतपट श्रेयस्कर वाटतो. त्याची निमुळती खुंटी सुकाणूच्या बाहूतल्या तशाच निमुळत्या भोकात घट्ट बसते. फक्त दोन्हींचा उतार एकच आहे ना, हे ब्लू, म्हणजे टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग, लावून पाहावे, कारण वेगवेगळ्या गाड्यांचे उतार वेगळे असतात आणि कडेवरच टेकलेली खुंटी पुढे-मागे हलून तुटते.

एका प्रसंगी मात्र रोझ जॉइंटची तरफदारी करावी लागते. चाक खड्ड्यात गेले की विशबोन, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारे वरचे व खालचे बाहू, एका कमानीत फिरतात आणि टाय रॉड दुसऱ्या कमानीत. या दोन कमानी जुळल्या नाहीत तर चालकाने चक्र न हलवताही चाक आपोआप वळते. हा दोष टाळण्यासाठी समोरून पाहता रॅकच्या टोकाचा सांधा विशबोनच्या आतल्या दोन बिजागऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर यावा लागतो, आणि वरच्या व खालच्या विशबोनच्या रेषा लांबवल्यावर जेथे मिळतात त्याच बिंदूकडे टाय रॉडचाही रोख असावा लागतो. परक्या गाडीचा रॅक इतका रुंद किंवा उंच निघतो की हे साधत नाही. तेव्हा रॅकखाली पत्र्याच्या चकत्या घालून पाहाव्यात, आणि तेही पुरले नाही, तर बाहेरच्या टोकाला रोझ जॉइंट घेऊन त्याखाली योग्य उंचीची नळी द्यावी. अशा वेळी बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला असावा. एकाच बाजूने धरलेल्या बोल्टवर नळीच्या प्रत्येक मिलिमीटरनिशी वाकवणारा जोर वाढत जातो. गोळ्यापेक्षा मोठा वॉशरही वर घालावा, म्हणजे अस्तर झिजून गोळा निखळला तरी टोक बोल्टवरून सुटत नाही.

ब्रिटनमध्ये 1998 पासून घरगुती मोटारींनाही सरकारी तपासणीचा दाखला लागू लागला, आणि 2009 मध्ये ती पद्धत अधिक कडक झाली. वळणानंतर चक्र सोडले की ते आपणहून सरळ रेषेकडे परतते का, हे तेथे पाहिले जाते, आणि क्रॉस गच्च बसलेले असले तर ते परतत नाही. आपल्याकडे अशी मोटार प्रकार-मंजुरीवाचून रस्त्यासाठी नोंदवून घेणे जवळजवळ अशक्य असल्याने हा उद्योग मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत चालतो. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या मोटारींच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांच्या नियमांत चक्राचा एकूण ‘प्ले’, म्हणजे मोकळी हालचाल, 7 अंशांपेक्षा अधिक चालत नाही, आणि चक्रापासून रॅकपर्यंतचा प्रत्येक सांधा परीक्षकाला डोळ्यांनी दिसलाच पाहिजे, नुसता चिकटवलेला चालत नाही, असा दंडक आहे. हे सात अंश बहुधा एका ठिकाणी सापडत नाहीत: अर्धा अंश क्रॉसमध्ये, एक दात्यांत, दोन रॅकच्या बुशमध्ये, उरलेले टाय रॉडच्या टोकांत, म्हणून एकाने चक्र सावकाश डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवत चाकापर्यंत जावे, आणि जेथे बोटाखाली ठोका लागेल तो सांधा खोलावा.