गाण्यावांचून गिटार

अमेरिकेच्या दक्षिण भागांत गिटार हें मुख्यतः साथीचें वाद्य होतें. मिसिसिपीकडील कृष्णवर्णी लोकगायक ‘ब्लूज’ गात, आणि गिटार त्यांस ठेका व सूर पुरवी. त्या गाण्यांतून गळा आणि शब्द दोन्ही काढून घेतले, तर मागें काय उरतें? जॉन फेही या वादकाचें आयुष्य या एका प्रश्नांत गेलें.

१९३९ सालीं जन्मलेला फेही वॉशिंग्टनशेजारच्या टाकोमा पार्क येथें वाढला. दक्षिणेंत दारोदार हिंडून तो जुन्या तबकड्या जमवी. अंध गायक विली जॉन्सन याची तबकडी प्रथम ऐकली तेव्हां त्यास किळस आली. पुन्हां ऐकतांना रडूं कोसळलें. १९५९ सालीं कोणा व्यापारी कंपनीच्या दारीं न जातां त्यानें आपली पहिली तबकडी स्वतःच काढली. प्रती अवघ्या शंभर. तिच्या एका बाजूस वादकाचें नांव ‘ब्लाइंड जो डेथ’ असें कल्पित होतें. गोऱ्या तरुणानें अंध ब्लूज-गायकाचा मुखवटा चढवावा, ही थट्टा मला तरी रुचत नाहीं. मात्र ज्यांचें घेतलें त्यांस तो विसरला नाहीं. १९६३ सालीं विस्मृतींत गेलेल्या बुका व्हाइटला त्यानें व त्याच्या मित्रानें पत्र धाडलें. पत्त्यांत नांव, ‘जुना ब्लूज-गायक’ एवढी ओळख आणि अ‍ॅबर्डीन गांवचें टपालघर! तें पत्र पोंचलें. चार्ली पॅटनच्या गाण्यांवर त्यानें विद्यापीठासाठीं प्रबंधही लिहिला.

आतां त्याच्या वादनाकडे वळूं. अंगठा मंद्र तारांवर समान लय धरतो. इतर बोटें वरच्या तारांवर चाल काढतात. नुसत्या छेडल्या तरी स्वरमेळ उमटावा, अशा रीतीनें तो पुष्कळदां तारा लावी. त्यामुळें खालचा स्वर तंबोऱ्यासारखा घुमत राही. गायकास श्वास घ्यावा लागतो, कडवें संपवावें लागतें. येथें तें बंधन उरलें नाहीं. भजनाची चाल, ब्लूजचा तुकडा आणि बार्टोकच्या वळणाचे कठोर स्वरसंयोग तो एकाच दीर्घ रचनेंत गुंफूं लागला. एका रचनेच्या नांवांत त्यानें ‘राग’ हा शब्दही घातला आहे. आपण तेथें राग शोधूं नये. आलापाची सावकाशी मात्र कानीं पडेल.

पुढें ‘टाकोमा’ ही त्याची संस्था विकली गेली. आजारपण व दारिद्र्य आलें. १९९६ सालीं तो ‘रेव्हेनंट’ या नव्या संस्थेचा सहसंस्थापक झाला. २००१ च्या फेब्रुवारींत तो वारला. त्याच वर्षीं या संस्थेनें पॅटनच्या जुन्या तबकड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या गळ्यासकट, शब्दांसकट.