उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करावी का?

मुलांच्या परीक्षा संपल्या की इंदूरमधील आपल्या घरांना महाराष्ट्राचे वेध लागतात. कोणाकडे लग्न असते, कोणाकडे मुंज, कोणाला कुलदैवताला जायचे असते. पूर्वी रात्रीची बस ठरलेली असे. आता बरीच कुटुंबे स्वतःच्या गाडीने निघतात. मानपूर, खलघाट, सेंधवा, मग बिजासन घाट उतरून शिरपूर, धुळे आणि पुढे नाशिक किंवा पुणे. मे महिन्याचे ऊन, गाडीत पाच माणसे, डिकी सामानाने भरलेली आणि रस्ता मोकळा. अशा वेळी सगळ्या कुटुंबाचा भार चार टायरांवर असतो.

निघण्यापूर्वी आपण इंजिन ऑइल, कूलंट, एसी पाहून घेतो. हवेचे काम मात्र अंदाजाने चालते. पंपावरचा मुलगा "कितनी रखूँ, अंकल?" असे विचारतो आणि आपण तोंडाला येईल तो आकडा सांगतो. त्यातच कोणीतरी सल्ला देते, "उन्हाळा आहे, हवा फुगते, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा." सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण तो उलटा आहे आणि धोक्याचाही. म्हणून हा लेख.

हवा तापली की दाब वाढतो, हे खरे आहे. पण टायर फुटण्यामागे बहुधा ही वाढ नसते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. एखादी तार सारखी वाकवली की ती गरम होते, तसेच येथे घडते. ताशी ८०-१०० च्या वेगाने तासन्‌तास हे चालले की रबर आणि आतील थर तापून एकमेकांपासून सुटू लागतात. वर पूर्ण भार आणि खाली तापलेला डांबरी रस्ता. टायर फुटतो तो अशा वेळी. म्हणजे हवा कमी ठेवून आपण उष्णता घटवत नाही, वाढवतो.

मग बरोबर आकडा कोणता? तो गाडीवरच लिहिलेला असतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर एक पट्टी दिसते. काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाच्या आत असते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातही हा आकडा असतो. खुद्द टायरवर 'मॅक्स' म्हणून लिहिलेला ४४ किंवा ५१ असा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, आपल्या गाडीसाठी शिफारस नव्हे. तेवढी हवा भरली तर टायरचा मधला भागच रस्त्याला नीट टेकतो, तोच झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड कमी होते.

दरवाजावरची पट्टी नीट वाचावी. बऱ्याच गाड्यांत दोन रकाने असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. दुसऱ्या रकान्यात विशेषतः मागच्या चाकांचा आकडा जास्त असतो. शहरात दोघेच फिरताना पहिला रकाना चालतो, गावाला निघताना दुसरा पाहावा. आकडे 'केपीए'मध्ये असतील तर गोंधळू नये. २३० केपीए म्हणजे सुमारे ३३ पॉइंट, म्हणजेच पीएसआय.

हा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली. चालल्यावर दाब वाढणार हे धरूनच कंपनीने तो ठरवलेला असतो. समजा सकाळी २७ अंश तापमानात ३३ पॉइंट हवा आहे आणि प्रवासात टायरमधली हवा ५७ अंशांपर्यंत तापली. दाब जवळजवळ ३८ होतो. यात काळजीचे काही नाही. पण ढाब्याशेजारच्या पंपावर ३८ पाहून घाबरून हवा सोडली आणि ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २९ सुद्धा भरणार नाही. म्हणून गरम टायरमधली हवा सोडू नये.

अडचण अशी की पंप घरापासून चार-पाच किलोमीटर असतो आणि तेथे पोहोचेपर्यंत टायर गरम होतात. यावर सोपा उपाय आहे. हवा मोजण्याचा लहानसा गेज घरी ठेवावा. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी मोजावे आणि तूट लिहून घ्यावी. हवी ३३, निघाली २९, तर तूट ४. पंपावर तेच टायर ३१ दाखवत असेल तर त्यात ४ मिळवून ३५ भरून घ्यावी. हिशेब तुटीचा करावा, पंपावरच्या आकड्याचा नाही.

टायर चांगला असला तरी महिन्याला एखाद-दोन पॉइंट हवा आपोआप कमी होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, खात्याला हात न लावताही चार्जेस कापले जात असतात. त्यात थंडीची भर पडते. ३० अंशांत भरलेले ३३ पॉइंट जानेवारीच्या १० अंशांच्या सकाळी ३० वर येतात. ट्यूबलेस टायर नुसत्या डोळ्यांनी पाहून कमी हवा कळत नाही, आणि लाथ मारूनही कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी मोजणे बरे.

नायट्रोजनबद्दल नेहमी विचारणा होते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश गळतो, एवढाच फायदा. पैसे देऊन भरला तरी मोजणे चुकत नाही. आणि वाटेत नायट्रोजन मिळाला नाही तर त्याच टायरमध्ये साधी हवा भरण्यात काही धोका नाही.

हवेबरोबर आणखी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. स्टेपनीतही हवा भरलेली असावी. गरज पडते तेव्हाच ती रिकामी निघते. टायरच्या बाजूला फुगा किंवा चीर असेल तर कितीही बरोबर हवा भरून उपयोग नाही, टायर बदलावा. आणि टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचावा. '२३१९' म्हणजे २०१९ सालातील २३ वा आठवडा. गाडी कमी फिरली असली तरी रबराचे वय वाढतच असते.

आम्ही निवृत्त मंडळी पहाटेच उठतो. गाडी रात्रभर उभी असते, टायर थंड असतात, ऊन आलेले नसते. मोजायला याहून चांगली वेळ नाही. मुले नोकरीच्या धावपळीत असतात, तेव्हा घरातील ज्येष्ठांनी हे पाच मिनिटांचे काम आपल्याकडे घ्यावे. चार चाके, स्टेपनी आणि तारीख एका वहीत लिहून ठेवावी. एकाच चाकाची हवा दर वेळी जास्त कमी होताना दिसली, तर बारीक पंक्चर किंवा खराब वॉल्व्ह घरीच लक्षात येईल, बिजासन घाटात नव्हे.