पुढे काय, आणि किती वर्षे?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

दिवाळीच्या सुट्टीत घरी पाहुणे आले होते. चहा घेता घेता त्यांनी विचारले, "पोरगी कितवीला हाय?" आप्पा म्हणाले, "चौदावीला." "मग पंधरावी झाल्यावर म्होरं काय?" आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी रिकामे कप उचलले आणि आत गेले, कारण उत्तर माझ्याजवळ नव्हते. पाहुण्यांजवळ मात्र होते. ते एक स्थळ घेऊन आले होते.

आप्पा बार्शीच्या बाजार समितीत हमाली करतात. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरात आम्ही दोघेच, दादा आणि मी. ज्या घरांतून आधीची पिढी शिकलेली असते, तेथील मुलांच्या कानांवर या गोष्टी जेवताना पडतात. आपल्यापैकी पुष्कळांना त्या ग्रंथालयात, सरांच्या खोलीत आणि जाहिरातींतून शोधाव्या लागतात. सुट्टीनंतर मी तेच केले. जे हाती लागले ते येथे मांडते.

प्रथम दादाविषयी सांगते, आणि ते त्याच्या परवानगीने. बी. ए. झाल्यावर तो स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेला. खोलीतला वाटा तीन हजार, खानावळ तीन हजार, अभ्यासिका बाराशे आणि वरखर्च आठशे, असे महिन्याला ८,००० रुपये लागत. चार वर्षांचे झाले ३,८४,००० रुपये. ते आप्पांच्या पाठीवरून आले, आणि काही आईच्या डोरल्यावरून. दादा दोनदा पूर्वपरीक्षा पास झाला, मुख्य परीक्षेत मात्र राहिला. आता तो तालुक्याच्या गावी एका दुकानात हिशेब लिहितो.

"अभ्यासात कमी पडला" असे लोक म्हणतात. मीही तसेच समजत होते. पण आकडे पाहिल्यावर माझे मत बदलले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेचेच पाहा. पूर्वपरीक्षेला ५,९२,१४१ उमेदवार प्रत्यक्ष बसले. मुख्य परीक्षेसाठी १४,६२४ पात्र ठरले, मुलाखतीपर्यंत २,८५५ पोचले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. म्हणजे सुमारे ५८३ जणांमागे एक. उरलेले ५८२ आळशी होते असे कोण म्हणेल?

दादाची चूक असलीच तर ती निराळी होती. किती वर्षे प्रयत्न करायचा, हे त्याने जाताना ठरवले नव्हते आणि घरातही कोणी विचारले नव्हते. आयोगाच्या परीक्षेला खुल्या प्रवर्गातून ३२ वर्षांपर्यंत सहा वेळा बसता येते. राज्यसेवेची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षे आहे. राखीव प्रवर्गांना त्याहून अधिक सवलत आहे. परंतु ही मर्यादा परीक्षेला बसण्याची आहे, घराने सोसण्याची नव्हे. घराची मर्यादा घरातच ठरवावी लागते.

म्हणून मी प्रत्येक वाटेपुढे तिला लागणारी वर्षे लिहिली.

एम. ए. ला दोन वर्षे लागतात, आणि प्राध्यापक व्हायचे तर पुढे नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांनी घेता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. ऑनर्सनंतर एम. ए. एका वर्षात होते. एकूण वर्षे तेवढीच भरतात, पण आपल्या विषयाला चौथे वर्ष आपल्याच कॉलेजात आहे की नाही, हे आत्ताच विचारून ठेवावे.

बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला शिक्षक पात्रता परीक्षाही आवश्यक आहे. येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानुसार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी. एड. चालत नाही. त्यासाठी बारावीनंतरची डी. एल. एड. ही पदविका लागते. आमच्या वर्गातल्या तिघी लहान मुलांना शिकवायचे म्हणून बी. एड. करणार होत्या.

कायद्याची पदवी बी. ए. नंतर तीन वर्षांची आहे. ग्रंथालयशास्त्राची पहिली पदवी एका वर्षात होते. सरकारी बँकांतील लिपिकांच्या सामाईक परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. वय २० ते २८ असावे लागते, राखीव प्रवर्गांना सवलत आहे, आणि आपल्या राज्यातील जागांसाठी मराठी चांगले यावे लागते. कला शाखेचे काही उपयोगाचे नाही म्हणणाऱ्यांनी ही शेवटची अट पाहावी.

पैशाची सोयही शोधली तर थोडी सापडते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या शासनाच्या संस्था आपापल्या प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शनासाठी साहाय्य करतात. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. आपण निवडलेले कॉलेज त्यात बसते का, हे प्रवेशापूर्वी विचारावे.

एवढे झाल्यावर मी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. पहिली, काय करणार: बी. एड., वरच्या वर्गांना मराठी शिकवण्यासाठी. दुसरी, किती वर्षे: पदवीनंतर तीन, दोन शिक्षणाची आणि एक परीक्षांची. तिसरी, जमले नाही तर काय: बँकेच्या परीक्षेचा अभ्यास तिसऱ्या वर्षापासूनच सुरू ठेवायचा आणि तेविसावे संपले की मिळेल त्या कामाला लागायचे. तिसरी ओळ दादाने लिहायला लावली. "मी हीच लिवली न्हवती," एवढेच तो म्हणाला.

रविवारी बाजार बंद असतो. कागद घेऊन मी आप्पांसमोर बसले आणि म्हणाले, "आप्पा, पंधरावीनंतर मला तीन वर्षं द्या. तवर स्थळ बघू नका." त्यांनी कागद हातात घेतला. आप्पा अक्षर लावून लावून वाचतात, त्यामुळे बराच वेळ लागला. मग म्हणाले, "तीन म्हंजे तीन. पर ह्याच्यावर तारीख घाल." मी तारीख घातली. हमालीचे टिपण ज्या वहीत असते, त्या वहीत त्यांनी तो कागद ठेवला. थोड्या वेळाने दादाकडे न पाहता म्हणाले, "ह्याला आपण कुणी इचारलंच न्हाई."

मित्रमैत्रिणींनो, माझी निवड बरोबर ठरेल की चूक, हे मला आज सांगता येणार नाही. तुमची वाट वेगळी असेल आणि ती असावीही. पण शेवटचा पेपर संपल्यावर नव्हे, आत्ताच एक कागद घ्या. त्यावर 'काय'च्या खाली 'किती वर्षे' आणि 'नाहीतर काय' हेही लिहा, आणि ज्यांच्या कष्टावर ती वर्षे जाणार आहेत त्यांना तो वाचून दाखवा. पाहुण्यांना उत्तर नंतर देता येईल.